लहान भोवऱ्यांचं देणं

१७ नोव्हेंबर २००३

प्राचार्यांनी चहाला बोलावलं. नुसता चहा असला तर गप्पा असतात, बिस्किटं असली तर बातमी वाईट असते. आज क्रीमची बिस्किटं होती.

दिल्लीचा नवा नियम आलाय. पुढचं वर्ष संपेपर्यंत विभागप्रमुख पीएच.डी. झालेला पाहिजे, नाहीतर प्रमुखपद दुसऱ्याकडे. म्हणजे यंत्र विभागाची ती खुर्ची, जिच्यावर मी अकरा वर्षं बसलोय आणि जिच्या गादीला आता माझा आकार आलाय, ती जाणार. तिच्याबरोबर वेगळी खोली जाणार, खिडकीतला कूलर जाणार आणि आठवड्याला चारच तास शिकवायची सवलतही जाणार. कूलरचं दुःख मी गिळू शकतो. शिकवायचं नाही.

"झालीच नाही तर कोणाकडे देणार?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तसं काही ठरलेलं नाही," प्राचार्य म्हणाले. म्हणजे ठरलंय.

पीएच.डी.ची नोंदणी मी सत्त्याण्णव सालीच करून ठेवली होती, मुख्यतः सासरी सांगता यावं म्हणून. संध्याकाळी मैनाला बातमी दिली. ती म्हणाली, "सहा वर्षं झाली, म्हणजे दिवस कधीच भरलेत तुमचे. आता बाळंत व्हा."

२३ नोव्हेंबर

पुण्याला जाऊन गाईडना भेटलो. त्यांना मी कोण हे आठवायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. विषय मात्र त्यांना लगेच आठवला, कारण तो त्यांचाच होता: खवळलेल्या प्रवाहाची संगणकावर नक्कल करताना जे भोवरे दिसत नाहीत, त्यांच्या ताणांचा अंदाज बांधणे.

परत आलो तेव्हा मैना पीठ चाळत होती. म्हटलं, हिलाच समजावून पाहू. हिला कळलं तर परीक्षकालाही कळेल. सांगितलं, की पाण्याची नक्कल करायला संगणक पाण्यावर एक जाळी कल्पतो, ही तुझी चाळण आहे तशी. जाळीच्या घरापेक्षा मोठे भोवरे त्याला दिसतात. त्याहून लहान असतात ते खाली पडतात, दिसत नाहीत. पण ते असतात. मोठ्या भोवऱ्यांना ओढतात, अडवतात, त्यांचा जोर खातात. ही न दिसणारी ओढाताण अंदाजानं भरायची, एवढाच माझा प्रबंध.

मैनानं चाळण माझ्यापुढे धरली. "अहो, वर राहतो तो कोंडा. पोळ्या खालच्याच्या होतात."

तिला विषय कळलेला नाही.

९ डिसेंबर

कोड बागुल मॅडम लिहितात. मी दिशा देतो.

कुंदन बागुल आमच्याकडे तीन वर्षं हंगामी अधिव्याख्याता आहेत. दर जूनमध्ये त्यांना नव्यानं नेमतात, दर मेमध्ये काढतात. मुंबईहून एम.टेक., पीएच.डी. झालेल्या, वडील मनमाडला रेल्वेत होते. रोज सकाळच्या गाडीनं मनमाडहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. जीभ बरी चालते, पण कामाला वाघ. त्यांच्या कायम होण्याला माझी शिफारस लागते. ती मी करणारच आहे. प्रबंध झाला की लगेच. कायम झालेला माणूस काम करत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

आमचं गणित असं: चौकोनी हौद, त्यात पाणी, वरून एक जोराचा धक्का. मग ते पाणी कसं घुसळतं आणि कसं शांत होतं ते बघायचं. लहान भोवरे मोठ्यांचा किती जोर खातात याचा गुणक कोड स्वतःच काढतं, प्रवाहाकडे एकदा बारीक आणि एकदा जाड जाळीतून बघून. युक्ती झकास आहे. पण गुरुवारी कोड फुटलं. हौदातल्या पाण्याचा वेग आधी मोटारीएवढा झाला, मग विमानाएवढा, आणि शेवटी संगणकानं आकडे देणंच बंद केलं.

मॅडम भावाच्या लग्नासाठी रजेवर होत्या, म्हणून मीच बघितलं. गुणक मधूनमधून ऋण येत होता. ऋण म्हणजे लहान भोवरे मोठ्यांकडून जोर घेत नाहीत, उलट त्यांना देतायत. असं कुठं असतं? मी तेवीस वर्षं नोकरी केलीय. वरचा खालच्याला पोसतो आणि खालचा कुरकुर करतो, हा निसर्ग आहे. मी एक ओळ घातली: गुणक शून्याखाली गेला तर शून्य धरा. पाणी गरीब गाईसारखं शांत झालं.

आज मॅडम आल्या. रन सुरळीत बघून त्यांचा विश्वास बसेना. "कसं केलंत, सर?"

"अनुभव," मी म्हटलं.

१२ जानेवारी २००४

गाईडना आमची चित्रं आवडली. पण नुसती नक्कल चालणार नाही म्हणतात, खऱ्या पाण्याशी जुळवून दाखवा. प्रयोग करा.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा बोगदा आहे, म्हणजे पाणी वाहवून बघायची लांब पेटी. तपासणी समिती येते म्हणून घेतला होता. त्यात पाणी सोडलं की तो गळतो, म्हणून समितीला आम्ही तो कोरडा दाखवतो आणि तोंडी वाहवतो. समितीचे एक सदस्य तर त्याच्या आवाजाचंही कौतुक करून गेले होते. तो शेजारच्या जनरेटरचा आवाज होता.

चौकोनी हौद, खरं पाणी, वरून धक्का. हे आणू कुठून?

८ फेब्रुवारी

रविवारी वीज जात नाही म्हणून मॅडम कॉलेजात रन लावायला आल्या होत्या, किल्ली द्यायला घरी आल्या. मैनानं त्यांना जेवायलाच ठेवून घेतलं. जेवताना आमचे मेव्हणे चिमाजी टपकले. ते जुन्या नाशकात तालीम चालवतात आणि जेवणाची वेळ त्यांना लांबून कळते. मॅडमनी प्रयोगाचं रडगाणं सांगितलं.

"रहाड आहे की," मैना भाकरी वाढता वाढता म्हणाली.

मनमाडच्या माणसाला रहाड माहीत असायचं कारण नाही. चिमाजींनी हात धुवायचं सोडून समजावलं. गावात रस्त्याखाली जुने दगडी हौद आहेत. वर्षभर त्यांच्यावर फळ्या टाकून माती दाबलेली असते, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला ते उकरायचे, रंगाचं पाणी भरायचं, पूजा करायची. मग मानाचा गडी पहिला धप्पा मारतो, म्हणजे काठावरून बदकन पाण्यात उडी. त्याच्यामागं सगळं गाव. चिमाजींच्या तालमीकडं एका रहाडीचा मान आहे आणि पहिला धप्पा त्यांचाच असतो.

"हौद चौकोनी आहे?" मॅडमनी विचारलं.

"दगडी, चौकोनी, पुरुषभराहून जास्त खोल."

"आणि धक्का?"

चिमाजींनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "धक्का मी."

ठरलं असं, की पूजेनंतर सगळा रंग एकदम ओतायचा नाही. आधी एका कोपऱ्यात थोडा सोडायचा, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरायच्या. त्या कशा फिरतात त्यावरून प्रवाह मोजता येतो. चिमाजींनी एक धप्पा मारून लगेच बाहेर यायचं, पाणी शांत होईपर्यंत दुसऱ्या कोणी उडी घ्यायची नाही, आणि वरच्या गच्चीतून शूटिंग करायचं. पाकळ्या ऐकून चिमाजी खूश झाले. पूजेसारखं दिसतं म्हणाले. माझ्या भावाचा मखमलाबादला झेंडूच आहे, त्यामुळे पाकळ्यांना तोटा नाही.

"दाजी, पण थांबवायचं किती वेळ? पोरं नाय ऐकणार."

"विज्ञानासाठी," मी म्हटलं.

"विज्ञानासाठी तर अजिबात नाय ऐकणार. देवाचं काहीतरी सांगतो."

१२ मार्च

काल रंगपंचमी झाली. माझ्या कानात अजून पिवळं पाणी आहे.

चिमाजींनी पोरांना सांगितलं, की यंदा फुलं फिरून थांबेपर्यंत रहाडीत पाय टाकला तर वर्षभर कुस्ती लागणार नाही. पोरं काठावर एवढी गप्प उभी राहिली, की मला माझ्या वर्गाची लाज वाटली. मॅडमनी कोपऱ्यात रंग सोडला. पाकळ्या पसरल्या. चिमाजी काठावर चढले, कोणाचं तरी नाव घेतलं आणि पडले. नाशिकला असा धप्पा पुन्हा होणे नाही. पाणी काठावर रचलेल्या फळ्यांच्याही वर गेलं.

मग पाणी हळूहळू फिरत राहिलं. आम्ही बघत राहिलो. आणि पाकळ्या थांबल्यावर दीड-दोनशे माणसं एकदम आत गेली, त्यात मीही होतो. मी गेलो नाही, मला नेलं. मॅडमनी ढकललं असं मैना म्हणते. माझा त्यावर विश्वास नाही.

शूटिंगला रावजी होता. लग्नांत शूटिंग करतो, हात स्थिर आहे म्हणून घेतला. आज कॅसेट लावली तर पाणी कुठेच नाही. चिमाजींचा चेहरा, पोटाचा क्लोजअप, काठावरच्या बायका, नगरसेवक, परत नगरसेवक, पाकळ्या उधळताना मैना, तीसुद्धा बदामाच्या चौकटीत. मी डोकं धरून बसलो. रावजी म्हणाला, "सर, पाण्याचं काय घ्यायचं? पाणी काय बघतं का कॅमेऱ्याकडं?"

मग एका ठिकाणी त्याला चहा आला. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर तसाच, तोंड खाली, चालू. धप्प्याच्या शिंतोड्यांपासून पाकळ्या थांबेपर्यंत सगळं पाणी त्या एका चहाच्या वेळात आलंय. मी रावजीला अजून एक चहा पाजला.

१६ मार्च

वाईट दिवस.

मॅडमनी कॅसेटमधून पाकळ्यांचे माग काढले आणि आमच्या नकलेशेजारी ठेवले. सुरुवात जुळते. पुढं आमच्या नकलेतलं पाणी गुमान शांत होतं, आणि रंग सोडलेला कोपरा चक्क मेल्यासारखा पडून राहतो. खऱ्या रहाडीत तसं होत नाही. भिंतीजवळ बारीक बारीक गिरक्या उठतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांतून एक मोठं संथ चक्र तयार होतं. ते कोपऱ्यातला रंग ओढून अख्ख्या हौदभर नेतं. काठावरून आम्ही हेच बघत होतो.

दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं.

"सर, ही शून्याची ओळ कोणाची?"

"जुनी असेल."

"मी भावाच्या लग्नाला गेले होते तेव्हाची आहे."

मी कूलरकडे बघितलं. तो बंद होता.

"लहान भोवरे मोठ्याला परत देतात, सर. नेहमी नाही, पण देतात. ते दिलेलं आपण शून्य धरलं. म्हणून आपला हौद मेला."

"पण त्याशिवाय कोड फुटतं. आणि वरच्यांना खालच्यांनी द्यायचं म्हणजे..."

"म्हणजे काय, सर?"

मी उठून कूलर लावला.

संध्याकाळी गाईडना फोन लावला. ते म्हणाले, शून्य राहू द्या. सगळेच धरतात, त्यात गैर काही नाही. तळटीप टाका, रहाडीचं प्रकरण गाळा, मे महिन्यात प्रबंध देऊन मोकळे व्हा. भला माणूस. फोन ठेवला तेव्हा खुर्ची जवळजवळ परत मिळाल्यासारखी वाटली.

१८ मार्च

मॅडमना गाईडचा निर्णय सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग शून्याचे उरलेले रन तुम्ही लावा. मी खऱ्याचे लावते."

कोड कुठल्या संगणकावर आहे, तेच मला माहीत नव्हतं.

दुपारभर विचार करून मी सत्याच्या बाजूनं कौल दिला. लबाडी मला एकट्याला जमण्यासारखी नव्हती.

२ मे

एप्रिलभर कोड रोज फुटत होतं. वेळ जातोय, खुर्ची दूर जातेय, आणि मॅडम मात्र मजेत. मधेच दोन दिवस रजा काय, प्राचार्यांच्या केबिनमधून हसत बाहेर येणं काय. एकदा व्हरांड्यात फोनवर इंग्रजीत बोलत होत्या, मी आलो की बंद. ठरलेलं नाव कोणाचं आहे हे मला आता कळलं. मैनाला सांगितलं, की ही बाई माझीच शिडी लावून माझ्याच खुर्चीवर चढणार. मैना म्हणाली, "शिडी तिचीच आहे. तुम्ही मधे बसलाय."

पण परवा मॅडमना उपाय सापडला. फळ्यावर समजावलं. लहान भोवरे परत देतात हे खरं. पण त्यांच्याकडे असेल तेवढंच देऊ शकतात. आपण त्यांना हवं तेवढं देऊ दिलं, त्यांच्याकडे नसलेलंही दिलं गेलं, म्हणून हौद फुटला. आता जागोजाग लहानांजवळ किती जोर शिल्लक आहे, तेही कोडनंच सांभाळायचं. मोठ्यांकडून मिळेल ते त्यात घालायचं, परत दिलं तर कमी करायचं.

"आणि संपला तर?"

"संपला की देणं बंद होतं. त्यांनी द्यायचं म्हटलं तरी."

खडू ठेवून त्यांनी विचारलं, की त्यांच्या कायम होण्याचं काही बोललात का वर. मी म्हटलं, प्रबंध होऊ द्या, मग एकदमच बोलतो. त्या बरं म्हणाल्या आणि हात झटकले. खडूची पांढरी धूळ कूलरच्या वाऱ्यानं माझ्या शर्टावर आली.

आज रन पूर्ण झाला. फुटला नाही. भिंतीजवळ गिरक्या उठल्या, मोठं चक्र फिरलं आणि कोपऱ्यातला रंग हौदभर गेला, थेट रहाडीसारखा. मी नाचलो. शिपायानं बघितलं.

२० जून

द्वारका चौकातल्या बाइंडरकडून प्रबंधाच्या प्रती आणल्या. काळं कापड, सोनेरी अक्षरं: सावळीराम जेजुरकर. एवढा चांगला मी कधीच दिसलो नव्हतो. गाईडनी रहाडीचं प्रकरण वाचलं आणि कबूल केलं, की प्रबंधात नवीन म्हणावं असं तेवढंच आहे. हे त्यांचंच मत होतं असं आता ते म्हणतात.

प्रबंध इंग्रजीत, पण आभाराचं पान मी मराठीत, एका बैठकीत लिहिलं. तेवढं एक पान पूर्ण तुमचं आहे, असं मैना म्हणाली. तिचं नाव चौथं आलंय म्हणून ती फुगलीय.

९ डिसेंबर

विद्यापीठात तोंडी परीक्षा झाली. पास झालो. आता सविस्तर.

बाहेरचे परीक्षक मद्रासकडचे, बारीक, हळू बोलणारे. हळू बोलणारा परीक्षक वाईट. मॅडम मागच्या बाकावर होत्या. संगणक बिघडला तर हाताशी असाव्यात म्हणून मीच आणलं होतं. माझं भाषण छान झालं. धप्प्याची चित्रफीत दाखवल्यावर चिमाजींच्या पोटाला टाळ्या पडल्या.

मग परीक्षकांनी विचारलं, लहान भोवऱ्यांजवळचा हा साठा भिंतीपाशी किती धरलात आणि तेवढाच का?

मला माहीत नव्हतं. मी पाणी प्यालो. मग असं म्हणालो, की हा अतिशय महत्त्वाचा प्रश्न आहे. मग परत पाणी प्यालो. खुर्ची, कूलर, खिडकी, सगळं डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं. एवढ्यात मागच्या बाकावरून मॅडमनी उत्तर दिलं. परीक्षकांनी पुढचा प्रश्न थेट तिकडेच विचारला, आणि त्याच्या पुढचाही. मान उजवीकडे, मान डावीकडे, असं मी दोघांचं ऐकत होतो, टेनिस बघितल्यासारखं.

"आणि आपण कोण?" शेवटी परीक्षकांनी विचारलं. मॅडमनी नाव सांगितलं. त्यांनी प्रबंध उघडला, आभाराचं पान काढलं आणि बोट फिरवत खाली आले. देव, गाईड, संस्थेचे अध्यक्ष, मैना, प्राचार्य, आई, चिमाजी व तालमीतले मल्ल, रावजी फोटो स्टुडिओ. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. लिपी येत होती, पण मराठी येत नसल्यानं ती ओळ त्यांनी मलाच वाचायला लावली.

"तसेच ज्ञात-अज्ञात सर्व," मी वाचलं.

"यांपैकी ह्या कोणत्या?"

घाईत राहिलं, असं मी म्हणालो. ते खरंच आहे. रोज समोर असलेलं माणूस लिहायचं राहूनच जातं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. परीक्षकांनी पास केलं, पण अट घातली: ते पान बदलून आणा, आणि कोणतं काम कोणी केलं ते नावानिशी लिहा. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्या प्रती परत फाडायच्या.

परत येताना मंचरला चहाला थांबलो. मॅडम म्हणाल्या, बंगळूरच्या विमानांच्या प्रयोगशाळेत निवड झालीय, एक जानेवारीला रुजू व्हायचंय. मुलाखत एप्रिलमध्येच झाली होती.

"म्हणजे ते इंग्रजी फोन... आणि मला वाटलं तुम्हाला माझी खुर्ची हवी."

"प्राचार्यांनी विचारलं होतं मला. तुमचं नाही जमलं तर घ्याल का म्हणून. मी म्हटलं, मी हंगामी. हंगामी माणूस प्रमुख कसा होणार? ते म्हणाले, जेजुरकरांची शिफारस आली की कायम करतो, मग बघू."

"मग?"

"मग काय. आलीच नाही."

मी हिशेब केला. म्हणजे मी शिफारस केली नाही, म्हणूनच खुर्ची वाचली. बरंच झालं, असं मनात आलं. तोंडावर आलं नसावं. "मी उद्याच करतो शिफारस," मी म्हटलं. "थांबा तुम्ही."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "सर, आता नको. माझ्याकडचं संपलं."

मी बिल दिलं. चहाबद्दलच बोलत असाव्यात.

१० जानेवारी २००५

दारावर नवी पाटी लागली: डॉ. सावळीराम जेजुरकर, विभागप्रमुख. चिमाजी हार घेऊन आले होते. खुर्ची राहिली, खोली राहिली, कूलरही राहिला.

नव्या पानावर पहिलंच नाव मॅडमचं आहे, त्यांच्या कामासकट. लिहायला बसलो तर काम एका पानात मावेना, बाइंडरला दोन पानं घालावी लागली. मैनाचं नाव आता पाचवं. तिनं चाळण माझ्या हातात दिली. पीठ परवापासून मी चाळतोय.

मॅडमच्या जागी माणूस मिळत नाही. हंगामी म्हटलं की कोणी येत नाही. प्राचार्यांनी चहाला बोलावलं. क्रीमची बिस्किटं होती. मॅडमचे सगळे तास मला दिलेत: दुसऱ्या वर्षाचा प्रवाह, तिसऱ्या वर्षाचा प्रवाह, प्रॅक्टिकलच्या तीन बॅच आणि गळका बोगदा. सकाळी आठला वर्गात जातो तो संध्याकाळी खडू खात बाहेर पडतो. पोरं फार प्रश्न विचारतात. ही सवय त्यांना कोणी लावली ते उघड आहे.

आज दुपारी पाणी प्यायला खोलीत डोकावलो. परीक्षा विभागानं जागा नाही म्हणून माझ्या खुर्चीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवलेत, थेट पाठीच्या उंचीपर्यंत. शिपायानं विचारलं, हलवू का?

राहू दे म्हटलं. तास होता.